कोआलाला तहान लागते का?

उन्हाळ्याच्या दुपारी थंड फरशीला पोट टेकून पसरलेला कुत्रा तुम्ही पाहिला असेल. ऑस्ट्रेलियातील कोआला हीच युक्ती झाडावर करतो. तिचे कारण समजण्यासाठी त्याच्या पाण्याचा हिशेब मांडू.

कोआला दिसतो अस्वलासारखा. पण तो कांगारूप्रमाणे पिलाला पोटावरील पिशवीत वाढवणारा शिशुधान प्राणी आहे. निलगिरीच्या विविध जातींची पाने हे त्याचे मुख्य अन्न. ताज्या पानांच्या वजनात साधारण निम्मे पाणी असते. म्हणजे अर्धा किलो पाने खाल्ली, की सुमारे पाव लिटर पाणी पोटात गेले! शिवाय तो दिवसाचे वीसएक तास झोपेत काढतो. त्यामुळे 'कोआला पाणी पीत नाही' असा समज पुष्कळ वर्षे रूढ होता.

हा समज अपुरा आहे. सिडनी विद्यापीठाच्या व्हॅलेंटिना मेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली काही निरीक्षणे प्रसिद्ध केली. पाऊस पडू लागला, की कोआला खोडावरून ओघळणारे पाणी चाटतात. एक नर तर सलग ३४ मिनिटे चाटत होता!

मग पानांतले पाणी कोठे कमी पडते? उत्तर पदार्थविज्ञानात आहे. फार उकडले, की कोआला धापा टाकतो, अंगावरचे केस चाटून ओले करतो. त्या पाण्याची वाफ होताना ती शरीरातील उष्णता घेऊन जाते. आपला माठ असाच थंड राहतो. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने अर्धा किलोहून अधिक पाण्याचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढेल. उपाय नामी खरा, पण माठ रिकामा होत जातो!

म्हणून कोआला खोडाला कवटाळून बसतो. जाड खोड हवेपेक्षा सावकाश तापते. कडक उन्हात ते हवेहून ५ अंशांपेक्षाही अधिक थंड असू शकते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. उष्णता वहनाने खोडात जाते आणि पाण्याचा थेंबही खर्च होत नाही.

परंतु उष्णतेची लाट लांबली, पाने सुकली, की हिशेब तुटीचा होतो. २००९ च्या लाटेत न्यू साउथ वेल्समधील गनेडा परिसरातील सुमारे एक चतुर्थांश कोआला दगावले, असा अंदाज आहे. पुढे तेथे संशोधकांनी झाडांवर पाण्याची भांडी बसवली. कोआला त्यांतून पाणी पिऊ लागले; उन्हाळ्यात तर अधिक वेळ. उंच, जाड झाडे तोडली, तर मात्र अन्न, पाणी आणि गारवा तिन्ही एकदमच जातील.

करून पाहा : एक तळहात ओला करून पंख्याखाली धरा, दुसरा कोरडा हात शहाबादी फरशीवर टेकवा. दोन्ही हातांना गारवा जाणवेल. कोणत्या हाताने पाणी खर्च केले? आणि फरशीवरचा गारवा थोड्या वेळाने कमी का होतो?