लंडनच्या पोलिसांची पूर्वपीठिका

चोर आला, कीं पोलिसास हांक मारावी, हें आपणांस बाळपणापासून ठाऊक असतें. परंतु विद्यार्थिमित्रहो, जेथें पोलीसच नाहींत असें एखादें मोठें शहर आपण कधीं मनांत आणिलें आहे काय? सुमारें पावणेतीनशें वर्षांपूर्वीं लंडन शहराची स्थिति अशीच होती.

तेथील बो स्ट्रीट नामक रस्त्यावर २०२१ सालीं एक लहानसें पोलीस-संग्रहालय उघडण्यांत आलें. १८८१ सालच्या त्या इमारतींत पोलीस-ठाणें व न्यायालय हीं शेजारीं शेजारीं होतीं. ठाणें १९९२ सालीं व न्यायालय २००६ सालीं बंद झालें. ज्या कोठड्यांत आरोपी न्यायाची वाट पाहत बसत, त्याच कोठड्यांत हें प्रदर्शन मांडिलें आहे. तें ज्या इतिहासाची साक्ष देतें, तो आपण थोडक्यांत पाहूं.

अठराव्या शतकाच्या आरंभीं लंडनांत रात्रीचे पहारेकरी असत. पण ते बहुधा वृद्ध व अल्प वेतनाचे. चोर पकडून देणारास सरकार बक्षीस देई. त्यामुळें चोऱ्या कमी व्हाव्या, तों घडलें उलटेंच. जोनाथन वाइल्ड नांवाचा मनुष्य स्वतःच चोरांची टोळी चालवी, चोरीचा माल मोबदला घेऊन धन्यास परत करी, आणि जो चोर त्याचें ऐकेना त्यास धरून देऊन बक्षीसही घेई. लोक मात्र त्यास आपला रक्षक समजत! १७२५ सालीं तो फांसावर गेला. रक्षणाचें काम लोभाच्या हातीं दिलें, म्हणजे कुंपणच शेत खातें, याचें हें ढळढळीत उदाहरण होय.

१७४९ सालीं बो स्ट्रीटचे न्यायाधीश व प्रसिद्ध कादंबरीकार हेन्री फील्डिंग यांनीं थोडीं विश्वासू माणसें निवडून गुन्हेगारांचा माग काढण्याच्या कामीं लाविलीं. त्यांच्यामागून त्यांचे सावत्र बंधु जॉन यांनीं तें काम वाढविलें. हे गृहस्थ अंध होते. तथापि केवळ आवाजावरून ते गुन्हेगार ओळखीत, अशी त्यांची ख्याति होती.

पुढें १८२९ सालीं गृहमंत्री रॉबर्ट पील यांनीं कायदा करवून पगारी पोलीसदल उभारिलें. त्यांचा पोशाख निळा ठेविला; कारण सैन्याचा रंग तांबडा होता, आणि हे प्रजेवर सोडलेले सैनिक नव्हत, हें लोकांस दिसावयास हवें होतें. रोजच्या पहाऱ्याचें शस्त्र म्हणाल, तर एक आंखूड लांकडी दांडा. आणि मदतीस हांक देण्यास एक लांकडी खुळखुळा. शिट्टी हातीं आली ती १८८५ च्या सुमारास. पहिला अनुक्रमांक ज्यास मिळाला, तो शिपाई तर पहिल्याच दिवशीं दारू प्याल्यामुळें बडतर्फ झाला!

लोकांचा विश्वासही लवकर बसला नाहीं. १८३३ सालीं एका सभेच्या वेळच्या दंगलींत रॉबर्ट कली नांवाचा शिपाई भोसकला जाऊन मेला. तेव्हां चौकशीच्या पंचांनीं ही हत्या समर्थनीय ठरविली. पोलिसांनीं जमावावर विनाकारण क्रूरपणें हल्ला केला, असें त्यांचें मत पडलें. तो निकाल पुढें रद्द झाला, पण लोकांच्या मनांतील राग त्यांत स्पष्ट दिसला. १८७७ सालीं तर गुप्तपोलिसांतील कांहीं अधिकारीच ठकांस सामील झाल्याबद्दल दोषी ठरले, आणि पुढच्याच वर्षीं तें खातें नव्यानें रचावें लागलें.

यावरून आपण काय शिकावें? अधिकार कायद्यानें मिळतो, परंतु विश्वास रोजच्या वर्तनानेंच मिळवावा लागतो. आणि तो एकदां मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असेंही नाहीं. जें पोलिसांस लागू, तेंच वर्गाच्या मॉनिटरास, आणि आम्हां शिक्षकांसही लागू आहे.

पालकांसही आमची एक विनंति आहे. हट्टी मुलास "पोलीस येईल हं!" म्हणून भिवविण्याची रीत आपल्या घरोघरीं आहे. ती सोडावी. संकटांत ज्याच्याकडे मुलानें धांव घ्यावयाची, त्याचीच भीति आपण त्याच्या मनांत कां भरावी?