आधी दाणा वाळव

बाळा, पीएलए आणि पीबीएटी या दोन कंपोस्टेबल पॉलिस्टरांचं मिश्रण एक्स्ट्रूडरवर चालवायला घेतलंस, तर डोझरला हात लावण्याआधी ड्रायर बघ. दाणा हवेतलं पाणी ओढतो आणि वितळताना तेच पाणी पॉलिमरच्या साखळ्या तोडत सुटतं. ओलावा 250 पीपीएमच्या खाली आल्याशिवाय हॉपर भरायचा नाही. पावसाळ्यात तर पोतं फोडून ठेवूच नकोस. नवा स्फटिकी दाणा 80 अंशांवर वाळतो. पीएलएचं रिग्राइंड, म्हणजे दळून परत वापरायचा माल, तिथेच टाकलंस तर ढेकूळ होऊन बसेल, कारण साठच्या आसपास ते मऊ पडतं. ते 45-50 वर, सावकाश.

ओल्या दाण्यात चेन एक्स्टेंडर घालणारे बघितलेत मी. तुटलेल्या साखळ्या सांधण्यातच तो खर्ची पडतो. महागडं औषध, गुण शून्य! त्याचं खरं काम वेगळं: त्याचे इपॉक्सी गट दोन्ही पॉलिस्टरांची टोकं पकडतात, म्हणून एरवी फटकून राहणारे हे दोघे एकत्र नांदतात. सुरुवातीला अर्धा टक्का पुष्कळ. हात सैल सोडलास तर फिल्ममध्ये जेलचे ठिपके. मोटरच्या अँपिअरवर डोळा ठेव. डोस सुरू झाल्यावर काटा चढून स्थिरावला तर ठीक. चढतच राहिला आणि डायमधून निघणारी तार फुगू लागली, तर डोस उतरव.

चेन एक्स्टेंडरऐवजी पेरॉक्साइडने साखळ्या जोडायच्या असतील, तर गणित वेळेचं. डायक्युमिल पेरॉक्साइड 175 अंशांच्या आसपास साधारण मिनिटाभरात निम्मं संपतं. माल बॅरलमध्ये दोनच मिनिटं राहत असेल तर त्याचा चौथा हिस्सा तसाच बाहेर पडतो. दहा अंश वाढवलेस की निम्मं संपायचा हा वेळ निम्म्याहून खाली येतो, पण पीएलएही तापतं, हे विसरू नकोस.

एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा, उतरला म्हणजे साखळी वाढली, एवढंच. मिश्रण जुळलं की नाही, ते पट्टी ताणून बघ. नुसतं पीएलए कटकन तुटतं. जुळलेलं मिश्रण आधी पांढरं पडतं, मग लांबतं. शंका आली तर पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून तोड आणि तुटलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली धर. गुळगुळीत गोळे आणि ते निसटून गेल्याची भोकं दिसली तर समज, नुसतंच कालवलंय.

जेवायला जाताना बॅरल भरलेला सोडू नकोस. साधं एलडीपीई चालवून धुऊन काढ. परत सुरू केल्यावर ते पुरतं निघेपर्यंतचा माल वेगळ्या पोत्यात भर, वर ठळक लिही. कंपोस्टेबलच्या मालात तो मिसळला तर सर्टिफिकेटवर पाणी सोडावं लागेल.