अठ्ठेचाळीस गुण म्हणजे निम्मा बरा?

प्रश्न : विहिरीत पडून भावाच्या मणक्याला इजा झाली. कागदावर ‘स्किम ४८’ लिहिलंय. निम्मा बरा झाला का?
– वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : नाही, ती बरं होण्याची टक्केवारी नव्हे. ‘स्किम’ म्हणजे मणक्याला इजा झालेला माणूस रोजची कामं स्वतः किती करतो, याची मोजणी. १०० गुणांपैकी २० जेवण, आंघोळ, कपडे यांना, ४० श्वास आणि शौच-लघवीला, ४० हालचालीला. म्हणजे पाय हलले नाहीत तरी पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकता आलं, की गुण वाढतात. तुमच्याच तालुक्यातले, पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. तेव्हा ही मोजणी नव्हतीच!

भाऊ काय करू शकतो हे नव्हे, रोज प्रत्यक्ष काय करतो ते मोजतात. आई मायेनं घास भरवते? तिथंही गुण जातात. आजपासून ताट त्याच्या हातात द्या.