हाडासाठी मांडव

मुलांनो, झाडावरून पडून हात मोडलेला एखादा मित्र तुम्ही पाहिला असेल. डॉक्टर त्याचे हाड नीट बसवतात आणि प्लास्टर घालतात. काही आठवड्यांनी प्लास्टर काढले की हाड जुळलेले दिसते. ते जुळवले कोणी? डॉक्टरांनी ते जागेवर धरून ठेवले, एवढेच. जुळले ते आपले आपणच!

हाड आपल्याला दगडासारखे वाटते. पण ते जिवंत असते. त्यात जुने हाड पोखरणाऱ्या आणि नवे हाड रचणाऱ्या पेशी सतत काम करतात. मात्र त्यांच्या ताकदीलाही मर्यादा आहे. मोठ्या अपघातात कधी कधी हाडाचा चार-पाच सेंटीमीटरचा तुकडाच नाहीसा होतो. एवढी फट आपोआप भरून येत नाही. तेव्हा डॉक्टर कमरेच्या हाडातून थोडा भाग काढून तेथे बसवतात. पण कमरेतून तरी किती हाड काढणार? शिवाय तेथेही जखम होते आणि ती पुष्कळ दिवस दुखते.

नल्लीच्या पोकळीतून मऊ मगज निघतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. शास्त्रात त्याला अस्थिमज्जा म्हणतात. ती आपल्या हाडांतही असते. तिच्यातील काही पेशींपासून नवे हाड तयार होऊ शकते, हे मॉस्कोचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी 1960 नंतरच्या काळात दाखवून दिले. अशा पेशींना मूळ पेशी म्हणतात.

पण नुसत्या पेशी फटीत सोडून भागत नाही. दोडक्याच्या वेलाला मांडव लागतो, तसा पेशींनाही आधार लागतो. हा आधार चिनी मातीच्या भांड्यासारखा भाजून तयार करतात. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट असते. आपल्या हाडाचा कठीणपणाही त्यांच्यामुळेच असतो. हा तुकडा स्पंजासारखा सच्छिद्र असावा लागतो. छिद्रांतून रक्तवाहिन्या आत शिरल्या नाहीत, तर आतल्या पेशी उपाशी मरतात. खरी मेख येथेच आहे!

2001 साली इटली व रशियातील संशोधकांनी तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या हातापायांच्या हाडांत 4 ते 7 सेंटीमीटरच्या फटी होत्या. प्रत्येकाची थोडी मज्जा काढून तिच्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. फटीच्या मापाचा सच्छिद्र तुकडा घडवून त्यावर त्या पेरल्या आणि तो तुकडा फटीत बसवला. काही महिन्यांतच रुग्ण आपला हात किंवा पाय वापरू लागले. सहा-सात वर्षांनी तपासले, तेव्हाही जोड पक्का होता.

एक अडचण मात्र राहिली. आधाराचा तुकडा विरघळला नव्हता. वेलाचा मांडव आपण मोडून टाकतो. हाडात अडकलेला मांडव कसा मोडणार? म्हणून हाड भरत जाईल तसतसा विरून जाणारा पदार्थ शास्त्रज्ञ शोधत आहेत. तोपर्यंत अनेक रुग्णांच्या कामी कमरेचे हाडच येते.