दुःखातून उन्नतीकडे : श्री तुकोबारायांचा आदर्श



देवदर्शनास येणारा प्रत्येक जण नवस फेडण्यासाठीच येतो असे नाही. कोणाचे प्रियजन अंतरलेले असते, तर कोणाचा चालता व्यवसाय बुडालेला असतो. अशा प्रसंगी मनुष्याने काय करावे, याचा पाठ श्रीक्षेत्र देहू येथील संतश्रेष्ठ श्री तुकाराम महाराजांच्या चरित्रातून मिळतो.

महाराजांच्या घराण्यात वाणसवदा, सावकारी व महाजनकी होती. ऐन तारुण्यात मातापित्यांचे छत्र हरपले. पुढे इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. धन आटले, मान गेला, व्यापाराचे दिवाळे निघाले. प्रथम पत्नी अन्नावाचून मरण पावली आणि परंपरेनुसार पुत्र संतोबाही गेला. हा वृत्तान्त बव्हंशी महाराजांनी स्वतःच आपल्या आत्मपर अभंगांत सांगितला आहे. लोकांस तोंड दाखविण्याची लाज वाटे, हेही त्यांनी लपविलेले नाही.

दुःख आपोआप कोणासही मोठे करीत नाही. दुःखानंतर मनुष्य काय करतो, यावर सारे अवलंबून असते. महाराजांनी प्रथम हाती काम घेतले. पूर्वजांचे विठ्ठल मंदिर भंगले होते, त्याचा त्यांनी जीर्णोद्धार केला. नंतर अभ्यास धरला. आरंभी चित्त रमत नव्हते, तरी एकादशीचे कीर्तन सोडले नाही. संतवचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. ज्यांचे अभंग आज घरोघरी गाइले जातात, त्यांनी प्रारंभ असा मागील रांगेत केला होता.

तिसरी गोष्ट अधिक कठीण होती. दुष्काळाने ऋणकोही नागवले गेले होते. वडिलोपार्जित कर्जखतांतील धाकट्या बंधूंचा अर्धा वाटा त्यांस देऊन महाराजांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. स्वतः पोळलेल्या मनुष्यास दुसऱ्याचा दाह कळला, हीच खरी उन्नती होय.

येथे मातोश्री जिजाबाईंचे स्मरण अवश्य करावे. महाराज भंडारा डोंगरावर चिंतनात असता त्या भाकरी घेऊन डोंगर चढत, अशी कथा आहे. संसाराचा भार त्यांनी वाहिला. आपल्या साधनेचा भार घरातील कोणावर पडतो, याचे भान प्रत्येक साधकाने ठेवावे.

म्हणून शोकग्रस्त भाविकांनी एकदम मोठा संकल्प करू नये. शोक आवरेना तर तो आप्तांजवळ मोकळा करावा. मग एखादे मोडलेले काम दुरुस्त करावे, नित्य थोडे वाचन वा नामस्मरण करावे आणि आपल्यासारख्याच पीडिताचे ओझे यथाशक्ती हलके करावे. गेलेले परत येत नाही. परंतु त्या रिकाम्या जागी करुणा वस्तीस येऊ शकते.

सर्वांचे कल्याण असो.