पाच हजारांचा भोपळा

कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये उपासना संपली की अर्पणातल्या वस्तूंचा लिलाव होतो. डोंबिवलीत शेत कुणाचं? पण नारळ, भोपळा, घरचा केक, एखादी कोंबडीसुद्धा येते. एका वर्षी मी भोपळ्याला पाच हजारांची बोली लावली. टाळ्या पडल्या. तो भोपळा शंभराचाही नव्हता. पैसे देवाच्या पेटीत गेले खरे, पण मला ते मागच्या बाकावरच्या साडूला दाखवायचे होते.

पुढची कापणी यायच्या आत नोकरी गेली. मॅनेजर होतो, एका दुपारी बोलावून कागद हातात ठेवला. घरी बोललो नाही. सात आठवडे रोज डबा घेऊन फर्स्ट क्लासने ठाण्याला जायचो (पास संपायचा होता!) आणि तलावपाळीवर बसायचो. ऊन चढलं की जवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये. ते कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. ओळखीचं कुणी भेटणार नाही, एवढाच हिशेब. प्रार्थना एकच, कुणाला कळू नये.

कळलंच. हप्ता थकला आणि बँकेचा फोन बायकोने घेतला. नोकरी गेल्याचं ती एका रात्रीत विसरली. पहाटे उठून भरून दिलेले डबे अजून विसरलेली नाही.

त्या दिवसांत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं चरित्र पुन्हा हाती घेतलं. लहानपणी कल्याणच्या शाळेत शिकलेला हा माणूस. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा जात, नातीगोती, मान सगळं सुटलं. हे आम्ही ख्रिस्ती मंडळी अभिमानाने सांगतो. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला, ते मला जास्त टोचलं. जगातली प्रतिष्ठा सोडून चर्चमधली कमावता येते; माझा भोपळा तोच होता. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल आपलं कूळ, परूशीपण सगळं मोजून कचऱ्यात काढतो. तो भाग मी साक्ष देताना दोनदा वाचून दाखवला होता, मॅनेजर असताना.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच संध्याकाळी घरी सांगा. हप्ता थकण्याआधी स्वतः बँकेत जा; आधी गेलेल्या माणसाचं निदान ऐकून घेतात. प्रार्थनेच्या चिठ्ठीवर 'कौटुंबिक अडचण' असं गुळमुळीत लिहू नका, नोकरी गेली असं लिहा. आणि 'विश्वास ठेव, दुप्पट मिळेल' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तो तुम्हाला त्याच लिलावात परत उभं करतोय.

प्रभुभोजनाला मात्र चुकू नका. मी लाजेने तीन महिने चुकवलं. परत गेलो तेव्हा कठड्यापाशी गुडघे टेकले, पाळकसाहेबांनी तळहातावर भाकर ठेवली आणि पुढच्याकडे वळले. हुद्दा त्यांनी आधीही कधी विचारला नव्हता. तो सांगायची घाई मलाच असायची.

आता कल्याणला एका दुकानाचे हिशेब लिहितो. सेकंड क्लासचा पास. पण सकाळी उलटी गाडी, त्यामुळे बसायला जागा मिळते.

यंदाच्या लिलावात पुकारणाऱ्याने भोपळा उचलला आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. एक नारळ चाळीसला घेतला. बायकोने तो त्याच संध्याकाळी फोडला.