गुहेतील दगड आणि जुना पाऊस

यंदा पाऊस कसा होईल, हा प्रश्न मृगापूर्वी प्रत्येक शेतकऱ्यास पडतो. त्यासाठी आपण वडीलधाऱ्यांच्या आठवणी व पर्जन्यमापकाच्या नोंदी पाहतो. परंतु आठवण दोन-तीन पिढ्यांपलीकडे जात नाही आणि देशातील व्यापक नोंदीही सुमारे दीडशे वर्षांच्याच आहेत. त्याआधीच्या पावसाची माहिती गुहांतील लवणस्तंभांवरून मिळू शकते.

चुनखडीच्या डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी विरघळलेला चुना घेऊन गुहेच्या छतातून ठिबकते. तो चुना खाली थराथराने साचून स्तंभ वाढतो. प्राणवायूचे हलके व जड असे प्रकार आहेत. पावसाळा जोराचा असल्यास त्या काळच्या थरात जड प्राणवायू कमी आढळतो; अवर्षणात तो वाढतो. थराचे वय त्यातील युरेनियम व त्यापासून झालेले थोरियम मोजून ठरवितात. समुद्रातील प्रवाळांच्या वार्षिक थरांवरून पूर्वीच्या सागरी तापमानाचा अंदाजही याच धर्तीवर बांधता येतो.

कोल्हापूरकडील सह्याद्री मुख्यतः काळ्या पाषाणाचा असल्याने यासाठी चुनखडीच्या प्रदेशाकडे वळावे लागते. छत्तीसगडमधील बस्तर भागात दंडक गुहा आहे. तेथील स्तंभाचा इ. स. ६०० ते १५०० या काळाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकात व पंधराव्याच्या मध्यास मोसमी पाऊस दीर्घकाळ क्षीण होता, असे त्यावरून दिसते. दख्खनमधील दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून बारा वर्षे टिकला, ही परंपरागत माहिती याच कालखंडातील होय. बस्तरचा दगड कोल्हापूरचा पाऊस मोजत नाही, हे खरे. तथापि दोन्हीकडे पाऊस आणणारे मोसमी वारे एकच आहेत.

२०१९ व २०२१ चे महापूर पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यास दीर्घ अवर्षणाची गोष्ट दूरची वाटेल. परंतु राधानगरीसारखे धरणही पावसानेच भरते. सलग अनेक पावसाळे क्षीण गेले तर केवळ उसावर विसंबलेल्या शेतकऱ्याने काय करावे, याचा विचार सुकाळातच व्हावयास हवा. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) गावात पर्जन्यमापक बसवून रोजच्या पावसाची नोंदवही ठेवावी.

(२) विहिरींची पाणीपातळी दिवाळीनंतर व वैशाखात मोजून लिहावी.

(३) उसास ठिबक पद्धतीने पाणी द्यावे आणि काही क्षेत्र ज्वारी, भुईमूग व कडधान्यांसाठी राखावे.

(४) एका हंगामास पुरेल इतके बियाणे व वैरण शिल्लक ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही नोंदवही ग्रामसभेत वाचून दाखवावी. पुढील पिढीस आपल्या काळचा पाऊस कळण्यासाठी तिला गुहेतील दगड फोडावा लागू नये.